बंदीच्या दिवसांतले शिकंजे

नारळी पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली की भाट्याच्या खाडीकडून ठोकाठोकीचे आवाज यायला लागतात. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी चाललेली असते. माडाच्या झापांखालून उघड्यावर आलेली होड्यांची काळी पोटं, फळ्यांच्या फटीत ठासलेला कापूस, राळेचा आणि माशाच्या तेलाचा वास. लोकांना हा आवाज आवडतो. आमच्या शाळेतले मराठीचे सर दर वर्षी न चुकता म्हणतात, दर्याला साद घालतायत बघा. मला तो ऐकला की राग येतो. आजही आला. पडवीत ओले कपडे पसरत होते, तेवढ्यात खालून लाकडावर लाकूड आपटल्याचा तो बद्द ठोका आला आणि माझे दात आपोआप एकमेकांवर बसले.

माझे वडील, अण्णा, होड्या बांधणारे सुतार होते. राजिवड्यापासून पावसपर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांच्या हातच्या होड्या होत्या, आणि बंदीचे दोन महिने म्हणजे आमच्या घरातला त्यांचा हंगाम. खाडीच्या काठी त्यांचा मांडव होता. तिथे मी पंधरा वर्षांची असताना गेले होते. कोणी नाही असं पाहून एका फळकुटावर रंधा चालवला. लाकडाची लांब, पातळ, कुरळी साल निघाली. फणसाचं लाकूड होतं ते, साल पिवळीधमक होती. ती हातात धरून मी उभी होते, तर अण्णा आले. ओरडले नाहीत. हातातला रंधा काढून घेतला, पात्यावरून बोट फिरवलं आणि मागून आलेल्या चौघा गड्यांना म्हणाले, "उद्यापासून भाकऱ्या मी थापतो. होडी ही बांधील."

चौघेही हसले. मी घरी आले ती थेट न्हाणीघरात जाऊन बसले.

त्याच आठवड्यात माझा चुलतभाऊ विलास त्यांच्या हाताखाली लागला. विलास माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला कॉलेज नको होतं आणि काम त्याहून नको होतं. पण तो मुलगा होता, तेवढं पुरलं. पुढे अण्णांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपली सगळी हत्यारं विलासला दिली. रंधे, पटाश्या, करवती, आणि बिडाचे ते मोठे शिकंजे, जे उचलायला दोन हात लागायचे. दोन फळ्या त्यांच्या जबड्यात धरून मळसूत्र पिळलं की फळ्यांमधून केससुद्धा जात नसे. विलासने वर्षाच्या आत सगळं विकलं आणि तो आखातात गेला. पहिल्या वर्षी त्याचे दोन फोन आले, नंतर तेही बंद झाले. अण्णांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मी मात्र रोज जेवताना त्यांच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, बरं झालं.

हे चांगलं नाही, मला माहीत आहे. पण ज्या पावसाळ्याबद्दल मी सांगते आहे त्यात चांगलं फारसं नव्हतंच.

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आई आधीच गेलेली, मी लग्न केलेलं नाही, शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी. घरात आम्ही दोघंच. ते इस्पितळातून घरी आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. महिनाभराच्या व्यायामाने ते काठी टेकत, भिंत धरत चार पावलं टाकू लागले. बोलणं मात्र तुटलं. साधं वाक्य जुळवताना ते घामाघूम व्हायचे. शिव्या तेवढ्या अख्ख्या राहिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतात.

खरी अडचण संडासाची होती. आमचा संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. अण्णांना उकिडवं बसता येईना. बाजारात मिळते ती लोखंडी नळ्यांची, भोक पाडलेली खुर्ची मी आणली. ती बुटकी होती, हात डुगडुगत होते. अण्णा उंच, हाडापेराने दांडगे. तिसऱ्या दिवशी उठताना खुर्ची फरशीवर सरकली आणि ते भिंतीवर आपटले. मी दार उघडून आत गेले, त्यांना काखेत हात घालून उचललं, त्यांचं धोतर सावरलं. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरलेले नाही. पंचाहत्तर वर्षांचा माणूस आणि त्याला पोटच्या पोरीने नागडं उचलावं. त्या नजरेत उपकाराची जाणीव नव्हती, लाजही नव्हती. निव्वळ द्वेष होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी प्यायचं बंद केलं. तांब्या भरून ठेवावा तो तसाच. चहा अर्धा कप, तोही सोडून द्यायचे. आत कमी गेलं की बाहेर जावं लागणार नाही, असा हिशेब. आठवड्याभरात लघवी लाल व्हायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, महिनाही लागणार नाही.

मी शहरातल्या तीन सुतारांकडे गेले. अण्णांच्या मापाची, उंच, जाड हातांची, न सरकणारी लाकडी खुर्ची हवी होती. एकजण होड्यांच्या कामात अडकलेला. दुसऱ्याकडे गणपतीच्या मखरांची गर्दी. तिसरा म्हणाला, ताई, गणपती झाल्यावर या. गणपती झाल्यावर येऊन मला काय करायचं होतं?

तेव्हा मी बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि लाकूड जोडायचे शिकंजे मागितले. दुकानदाराने आधी चांगले दाखवले. मी त्याहून हलके मागितले. मग त्याने मागच्या फळीवरून काढून दिले: चार सडपातळ, सरकत्या जबड्याचे, लाल रंग दिलेले, आणि सहा प्लास्टिकचे, स्प्रिंगवाले. त्याने विचारलं, कशाला हवेत? शाळेच्या प्रदर्शनाला? मी हो म्हटलं. सोबत पाण्यात टिकणारा लाकडाचा गोंद, एक हातकरवत आणि एक पटाशी घेतली.

लाकूड घरात होतं. माळ्यावर फणसाची फळकुटं पडून होती, कुठल्यातरी होडीतून उरलेली. विलासला ती विकण्याइतकी वाटली नसावीत.

पडवीत काम सुरू केलं. अण्णांची खाटही पडवीतच होती, तिथून त्यांना रस्ता दिसायचा. त्यांना आत हलवता आलं असतं. मी हलवलं नाही. बघू दे, असंच माझ्या मनात होतं. रोज शाळेतून साडेपाचला यायची, साडी बदलायची आणि त्यांच्यासमोर बसून करवत चालवायची. बाहेर पावसाची झोड, कौलांवरून पागोळ्या, खाडीकडून दुसऱ्यांच्या हातोड्यांचे ठोके. ते ठोके ऐकू आले की अण्णांचा डावा हात चादरीवर मूठ वळायचा. मला ते दिसायचं आणि बरं वाटायचं.

बैठकीसाठी दोन रुंद फळ्या जोडायच्या होत्या. प्रत्येकीत आधी अर्धा गोल कापून घेतला, म्हणजे जोडल्यावर मधोमध भोक तयार. कडांना गोंद लावला, फळ्या एकमेकींना भिडवल्या आणि चारही लाल शिकंजे वरून एका रांगेत लावून जेवढं बळ होतं तेवढं पिळलं. एकाची दांडी वाकली. गोंद सगळा दाबाखाली बाहेर आला, फळ्यांवर ओघळला. फळ्या मधोमध कमानीसारख्या उचलल्या गेल्या. मला वाटलं, वाळल्यावर बसतील.

अण्णा बोलले. झटक्यानंतरचं ते सर्वांत लांब वाक्य होतं. शिकंज्यांकडे डावं बोट दाखवून, थांबत थांबत म्हणाले, "कपडे… वाळवायचे… चिमटे."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर शिकंजे सोडले. फळी उचलली आणि ती माझ्या हातात दोन झाली. पावसाळी हवेत गोंद चिकट दह्यासारखा राहिला होता. जिथे शिकंज्याचे जबडे होते तिथे लाकडात खोल वण पडले होते. अण्णा हसले. अर्धाच चेहरा हसायचा त्यांचा, ओठाचं एक टोक वर जायचं. मांडवातल्या त्या चौघांचं हसू त्या अर्ध्या तोंडात पुरतं मावलं होतं.

मी फळीचा तुकडा खाटेच्या पायाशी टाकला आणि म्हटलं, "शिकवलं असतंत तर हसायची वेळ आली नसती. ज्याला शिकवलंत त्याला बोलवा आता उचलायला."

 शिकवण्याच्या बोलण्यावर ते एकच शब्द म्हणाले, "तुला?"

त्या संध्याकाळी मी त्यांना चहा दिला नाही. जेवण दिलं, पण ताट खाटेवर ठेवून आत निघून गेले. रोज मी घास करून भरवायची. आतून मला चमचा ताटावर वाजत असलेला ऐकू येत होता, डाव्या हाताने, चुकत, सांडत. मी उठले नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढचे दोन दिवस करवतीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले, कारण तांब्यातलं पाणी तसंच होतं. कडा पटाशीने खरवडून पुन्हा साफ केल्या, गोंद लावला आणि पहिला शिकंजा वरून चढवला. दुसराही वरूनच चढवायला गेले, तर खाटेवरून जोरात शिवी आली. ती इथे लिहिता येणार नाही. तिच्या पाठोपाठ, एकही शब्द न अडखळता, "वरनं एक, खालनं एक, भवाने."

मी हात थांबवला. दुसरा शिकंजा फळ्यांच्या खालून लावला. तिसरा वरून, चौथा खालून. फळ्या सपाट बसल्या. वरचा दाब वर ओढतो, खालचा खाली. दोघांच्या ओढाताणीत फळी सरळ राहते. एवढी साधी गोष्ट होती. ती त्यांना पस्तीस वर्षांपूर्वी मांडवात मला एका वाक्यात सांगता आली असती.

त्यानंतर जे शिकले ते सगळं शिव्यांतून शिकले. अण्णांना सरळ बोलता येत नव्हतं, आणि मी चुकताना बघवतही नव्हतं. मी चुकले की शिवी, आणि शिवीच्या शेपटाला एखादा कामाचा शब्द. जबड्याखाली लाकडाचा चपटा तुकडा ठेवायचा, म्हणजे वण पडत नाहीत. शिकंजा गोंदाला चिकटू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद. एकदम पिळायचं नाही. सगळे थोडे थोडे आवळायचे, फेरी मारून पुन्हा थोडे. सांध्यातून गोंदाचे बारीक मणी वर आले की थांबायचं, त्यापुढे पिळलं तर गोंद निघून जातो आणि लाकूड कोरडं राहतं. स्वस्त शिकंज्याची दांडी बोटाने चाचपायची, ती वाकायला लागली तर दाब खोटा. आणि पावसाळ्यात दोन रात्री सोडायचं नाही. दोन रात्री म्हणजे दोन रात्री.

खुर्चीचा सांगाडा जोडायची वेळ आली तेव्हा माझे शिकंजे आखूड पडले. एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत पोचेनात. अण्णांनी छताकडे बोट केलं. तिथे कपडे वाळत घालायची काथ्याची दोरी बांधलेली होती. मी ती सोडली, चारी पायांभोवती दुहेरी गुंडाळली. त्यांनी हवेत डावा हात गरगर फिरवला. मला कळेना. त्यांनी शिवी दिली. मग मी दोरीच्या दोन पदरांत लाटणं अडकवून पीळ द्यायला लागले, तसा अख्खा सांगाडा करकरत आत आला, सांधे बसले. लाटणं प्लास्टिकच्या शिकंज्याने पायाला पकडून ठेवलं. दोरीच्या तुकड्याने मी दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे निघाले, म्हणजे सांगाडा काटकोनात बसला होता, तेव्हा मी अण्णांकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

कोणी ऐकलं तर म्हणेल, मग बापलेकीची गाठ पडली. नाही पडली. त्यात माया नव्हती, हे स्पष्ट सांगते. दावा चालू असलेल्या दोन पक्षांना जमिनीच्या एकाच मोजणीला हजर राहावं लागतं, तसे आम्ही त्या पडवीत होतो. ते मला शिकवत नव्हते. लाकडाची नासाडी थांबवत होते. आणि मी त्यांच्यासाठी खुर्ची करत होते हेही अर्धंच खरं. अर्ध्याहून जास्त, मी त्यांना चुकीचं ठरवत होते.

खुर्ची श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात झाली. पायांना खालून सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकले, म्हणजे फरशीवर सरकणार नाही. तेलाचे तीन हात दिले. बैठकीला आतून बाहेरून हात फिरवून पाहिला, कुठे कुसळ राहिलं असेल तर. मग नेऊन संडासावर ठेवली आणि अण्णांना सांगितलं, झाली आहे.

दोन दिवस ते तिच्यावर बसले नाहीत. पूर्वीसारखंच माझ्या आधाराने, तेवढ्यापुरती परत लावलेल्या त्या लोखंडी खुर्चीवर, डोळे मिटून.  तिसऱ्या दिवशी शनिवारची शाळा होती. मी दुपारी घरी आले तर खाट रिकामी.  मागे धावले. संडासाचं दार बंद होतं आणि आतून कडी होती.

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या दाराला आतून कडी लागली होती.

मी ओल्या छत्रीसकट तिथेच उभी राहिले. आतून काठीचा आवाज आला, मग फणसाच्या हातावर भार पडल्याचा आवाज, मग पाण्याचा. बऱ्याच वेळाने कडी सरकली. अण्णा भिंत धरून बाहेर आले, मला बघून थबकले. म्हणाले, "मागचा डावा… पाय… हलतो." आणि माझ्या बाजूने निघून गेले. मी आत जाऊन बघितलं. खरंच हलत होता, सूतभर. मी पाचर मारून तो बसवला. संध्याकाळी त्यांच्या उशाशी तांब्या रिकामा होता.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी हसनमिया आले. राजिवड्याचे, अण्णांच्या मांडवात पंचवीस वर्षं बरोबरीने काम केलेले. पंधराव्या वर्षी मला रंधा धरलेली बघून हसलेल्या चौघांतले एक. खजुरांचा पुडा घेऊन आले, अण्णांच्या खाटेशी बसले, कोणाची होडी उतरली, कोणाची राहिली ते सांगत बसले. मग हात धुवायला मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा अण्णांना म्हणाले, आतली खुर्ची बघितली मी, वाकून खालनं पण बघितली. अच्छा सांधा आहे. कोणी केली?

मी चहाचे कप घेऊन दारात होते.

अण्णा म्हणाले, "विलासनं."

नाव एकदम, न अडखळता आलं.

 मी कप खाली ठेवले आणि म्हटलं, "विलास दुबईत आहे, चाचा. खुर्ची मी केली."

हसनमियांनी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं माहीत होतं, हत्यारं कुठे गेली तेही.  चहा प्याले, माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि छत्री उघडून गेले.

मी अण्णांसमोर जाऊन बसले. विचारलं, का. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी उठले नाही. चहावर साय धरली, बाहेर शंकराच्या देवळात घंटा वाजली, तरी उठले नाही. शेवटी ते भिंतीकडे बघतच, एकेक शब्द उपटून काढल्यासारखे बोलले.

"तुझं नाव घेतलं… तर विचारतील… हिला का नाय… दिलीस… हत्यारं."

 मी माफ केलं असं म्हटलं नाही. त्यांनी माफी मागितलीही नव्हती. कप उचलले, विसळले, रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडायला घेतले. ते बोलले ते मात्र खरं होतं. त्यांच्या तोंडून आयुष्यात माझ्याबद्दल निघालेलं एवढंच खरं.

अण्णा पुढच्या उन्हाळ्यात गेले, रीतसर, झोपेत, अखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी संडासाला जात. तेराव्याला विलासचा फोन आला. मी तो उचलला नाही.

आता लोक माझ्याकडे येतात. कोणाच्या आईला आंघोळीला उंच पाट हवा असतो, कोणाच्या वडिलांच्या पलंगाला कठडा. शाळा सुटली की मी करते. शिकंजे आता बारा आहेत, अजूनही स्वस्तातलेच, त्यांतले दोन गंजलेले. काल पावसच्या एक बाई पाट न्यायला आल्या होत्या. सांध्यावरून नखं फिरवली, फट सापडली नाही, तशा कौतुकाने म्हणाल्या, बापाचा हात उतरलाय हो तुमच्यात.

मी पाट कागदात गुंडाळला, सुतळी बांधली आणि त्यांच्या हातात देताना म्हटलं, "नाही. हा माझा हात आहे."